अंगणात बसणारे टर्बो डिझेल: एका व्हॉट्सअॅप संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात आमच्या भागातल्या बहुतेक व्हॉट्सअॅप गटांतून फिरलेला एक लांबलचक संदेश माझ्या भाच्याने मला पाठवला आणि लगेच फोन केला, "मामाजी, दोन दिवसांचं काम आहे, इंजिन उचलायला तुमची चेनपुली तेवढी द्या." भाच्याचे गाव मोहर्लीच्या रस्त्यावर आहे. ताडोब्यात सफारीला चालून थकलेली एक जुनी पेट्रोल जिप्सी त्याने विकत घेतली आणि या संदेशावर विसंबून अपघातात गेलेल्या गाडीचे १.३ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन भंगारवाल्याकडून आणून अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवले. मी वीस वर्षांहून अधिक काळ डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करतो, त्यामुळे हा संदेश वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: भंगारातले टर्बो डिझेल इंजिन चाळीस हजारांत मिळते आणि जुन्या पेट्रोल गाडीत दोन दिवसांत घरीच बसते; गिअरबॉक्स, ब्रेक, टाकी काहीही बदलावे लागत नाही; इंजिनाने एअर धरली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकली, तर ट्रॅक्टरसारखी नोझलची नळी सैल करावी आणि बोट लावून दाब बघावा; मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये इंधन बदलण्याची मुभा असल्याने आरटीओकडे जाण्याची गरज नाही; आणि सगळा खर्च सहा महिन्यांत वसूल होतो.

बोट लावून दाब बघण्याच्या सल्ल्याबद्दल मला आधी आणि सविस्तर लिहायचे आहे, कारण बाकीच्या चुकांनी पैसा जाईल, या चुकीने हात जाईल. ट्रॅक्टरच्या जुन्या यांत्रिक पंपाची एअर काढताना नोझलचा नट सैल करून स्टार्टर मारण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि तिथूनच हा सल्ला उचलला आहे. पण तिथेही जाणता मिस्त्री डिझेल डोळ्यांनी बघतो, बोट लावत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला नोझल टेस्टरसमोर उभे करून मी पहिली गोष्ट हीच सांगतो की फवाऱ्यापुढे हात न्यायचा नाही, आणि तो फवारा जेमतेम दोनशे बार दाबाचा असतो. भाच्याने आणलेले इंजिन कॉमन रेलचे आहे, म्हणजे त्यात सगळ्या नोझलना एकाच नळीतून, रेलमधून, मोठ्या दाबाचे डिझेल मिळते. त्याच्या रेलमध्ये चालू स्थितीत दाब दीड हजार बारच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या टायरातल्या हवेच्या सुमारे सातशे पट, आणि नुसत्या स्टार्टरवर फिरवतानाही तो शेकड्यांत असतो. इतक्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून थेट आत शिरते आणि स्नायुबंधांच्या कडेने पसरत जाते. हातमोजा तिला अडवू शकत नाही. सर्वांत फसवी गोष्ट अशी की बाहेरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही, त्यामुळे माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजते आणि आतल्या ऊती मरू लागतात. यावर तातडीची शस्त्रक्रिया हाच उपचार आहे आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. आपल्या गावांतून चंद्रपूर गाठायलाच वेळ जातो आणि तिथून नागपूर आणखी दीडशे किलोमीटर आहे. कुणाला असे झालेच, तर हळद लावून सकाळची वाट बघू नका. त्याच क्षणी निघा आणि डॉक्टरांना जखम केवढी आहे हे नव्हे, तर मोठ्या दाबाने डिझेल आत गेले आहे हे आधी सांगा. कॉमन रेलचा दाब स्कॅनर लावून वाचतात आणि गळती शोधायची असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरतात. चालू इंजिनावर तिथला नट सैल करायचाच नसतो.

ब्रेक तेच राहतात, हे विधान माझ्या मते याच्याच खालोखाल घातक आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम तयार होतो आणि त्यावर पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर चालतो. डिझेलचा जोर हवा अडवून नव्हे, डिझेल कमी-जास्त सोडून नियंत्रित होतो, म्हणून तिथे बूस्टरला पुरेल असा व्हॅक्यूम मिळत नाही आणि इंजिनावर वेगळा व्हॅक्यूम पंप असावा लागतो. तो भंगारात काढून घेतला असेल किंवा त्याची नळी बूस्टरपर्यंत नीट आणली नसेल, तर दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे कडक होते. अंगणात हे कळत नाही, कारण अंगणात ब्रेक मारायची वेळच येत नाही. कळते ते भरलेली गाडी घेऊन उतारावर असताना.

गिअरबॉक्सची गोष्ट आकड्यांवरून कळेल. जिप्सीचे १२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन १०३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, हे डिझेल १९० देते, म्हणजे जवळजवळ दुप्पट भार त्याच क्लचवर आणि त्याच गिअरवर येतो. शिवाय हे इंजिन मूळ गाडीत आडवे बसलेले असते आणि जिप्सीत ते उभे बसवायचे असल्याने मधली अॅडाप्टर प्लेट लेथवर अचूक काढून घ्यावी लागते, ती जराशी तिरपी झाली तरी शाफ्ट आणि बेअरिंग खाते. इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीएम, त्याच्या जोडीची चावी, संपूर्ण वायरिंग आणि सेन्सर हे सगळे त्याच इंजिनासोबतचे नसेल तर इंजिन सुरूच होणार नाही, आणि चाळीस हजारांच्या हिशेबात यातले काहीही धरलेले नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत रेडिएटर आणि टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा इंटरकूलर कुठे व केवढा बसवायचा, यावरही संदेशात एक ओळ नाही.

एअर फिल्टर नंतर लावा, आधी चालवून बघा, असेही त्यात लिहिले आहे. इंजिनात हवा दाबून भरणारा आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बो उघड्या तोंडाने चालवायचा नसतो. त्यात भंगारातल्या टर्बोचे सील गेले असतील तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जळू लागते, वेग आपोआप चढत जातो आणि चावी बंद करूनही ते थांबत नाही. त्याची हवा तोडावी लागते.

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या पेट्रोल जीपमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणारे मिस्त्री विदर्भात होते आणि त्यांच्या हातच्या गाड्या वर्षानुवर्षे चालल्या. पण त्या इंजिनाला टर्बो नव्हता, संगणक नव्हता, पंप यांत्रिक होता, आणि काम करणाऱ्याने आयुष्य त्यात घातलेले होते. जिप्सीत १.३ लिटरचे डिझेल बसवलेले लोक आजही आहेत. ते काम त्यांनी लेथ, वेल्डिंग आणि वायरिंग जाणणाऱ्या माणसांकडून महिनोन्महिने करवून घेतले आहे, कडुनिंबाच्या फांदीला साखळी बांधून नव्हे.

कायद्याबाबत अर्धेच वाक्य उचलले आहे. कलम ५२ मध्ये सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनावर गाडी चालवण्याची सोय आहे, पण ती कन्व्हर्जन कीट बसवून आणि ठरवून दिलेल्या अटींवर. भंगारातले इंजिन म्हणजे कीट नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात याच कलमाचा अर्थ लावताना स्पष्ट केले की, उत्पादकाने ठरवलेला आणि नोंदणी प्रमाणपत्रात नोंदवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. आरसी बुकात इंधन, इंजिन क्रमांक आणि सीसी ही तिन्ही नोंदलेली असतात आणि इथे तिन्ही बदलतात. कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जुना क्रमांक नव्या इंजिनावर पंच करून घेण्याचा जो सल्ला शेवटी दिला आहे, तो तर सरळ गुन्ह्याचा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी या बदलाकडे बोट दाखवून दावा नाकारेल, हे वेगळेच.

आता खर्च. मायलेज वाढते, हे खरे. पेट्रोलवर लिटरला दहा आणि डिझेलवर पंधरा किलोमीटर धरले, आणि भाव अनुक्रमे १०४ व ९१ रुपये मानले, तर किलोमीटरमागे सव्वाचार रुपयांच्या थोडे वर वाचतात. भाच्याची गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालेल, म्हणजे बचत साडेएकवीस हजारांची. नीट केलेले असे काम दोन लाखांच्या आत उरकलेले मी पाहिलेले नाही. सहा महिने नव्हे, नऊ वर्षे लागतील, आणि पंधरा वर्षे उलटलेल्या त्या गाडीला दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंगला न्यावे लागणार आहे, जिथे बॉनेट उघडले की सगळे दिसते.

चेनपुली मी दिलेली नाही. रविवारी गावी जाऊन जिप्सीच्या मूळ इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासणार आहे. बहुधा रिंगा आणि व्हॉल्व्हच गेले असावेत, आणि ते काम मी भाच्याकडून स्वतः करवून घेईन.