विनायकराव, जमिनीचा विषय तूर्त थांबवा

विनायकराव, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दाजींच्या फुप्फुस प्रत्यारोपणावरचा माझा लेख वाचून तुमच्या भावाच्या घरी 'आपणही करू या' सुरू झालं, वहिनी जमीन विकायचं बोलू लागल्या. भावाला सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लावणारा फुप्फुसाचा आजार) आहे, आणि 'पाच वर्षांसाठी घरदार विकायला लावणारी जाहिरात' असं तुम्ही लेखाला म्हटलंत. राग समजतो. शीर्षकात 'नवं आयुष्य' लिहिलं ही माझीच चूक. खर्च एका ओळीत उरकला, ही दुसरी.

खरं तर एक आजार देऊन दुसरा घ्यायचा असतो. शरीराने नवं फुप्फुस नाकारू नये म्हणून दाजींची टॅक्रोलिमसची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, जन्मभर. रोज यंत्रात फुंकून आकडा वहीत टिपायचा. नव्या फुप्फुसाच्या नसा जोडल्या जात नाहीत, त्यामुळे खाली कफ साठला तरी ठसका लागत नाही. आठवणीने, मुद्दाम खोकावं लागतं. गणपतीत माटवीला बांधलेल्या पपनसाची एक फोडही चालत नाही, रक्तात औषध वाढतं म्हणून. (ताईने यंदा पपनस बांधलंच नाही.)

पण 'पाच वर्षं' तुम्ही मुदत संपल्यासारखी लिहिलीत, तिथे माझं जमत नाही. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर निम्मे रुग्ण साडेसहा वर्षांच्या आसपास किंवा त्यापुढे जातात. पहिलं वर्ष निभावलं तर हाच आकडा नऊच्या जवळ जातो. आणि तुलना कशाशी करायची? दाजींना फायब्रोसिस होता, म्हणजे फुप्फुसात व्रण पडून ती कडक होत जातात. त्यात निदानानंतर आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं. गोळ्यांनी वेग मंदावतो, झालेलं नुकसान भरून येत नाही. शेवटी शेवटी ऑक्सिजनची नळी न्हाणीघरापर्यंत ओढून ते स्टुलावर बसून अंघोळ करायचे. एक तांब्या ओतला की दम खायचा, मग दुसरा. १९६३ मध्ये अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणाचा रुग्ण १८ दिवस जगला होता. १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या हातून पहिलं खरं यश आलं, तो रुग्णही फायब्रोसिसचाच. सहा वर्षांहून जास्त जगला.

तुमच्या भावाचा हिशोब वेगळा आहे, आणि हे मी लेखात लिहायला हवं होतं. सीओपीडी सावकाश चढतो. त्यात प्रत्यारोपणाने श्वास मोकळा होतो, पण आयुष्य वाढेलच असं सगळ्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. म्हणून डॉक्टर वजन, धाप, फुंकण्याची चाचणी आणि सहा मिनिटांत किती चालता येतं, हे सगळं एकत्र बघतात. सगळंच खालावलं असेल तर नाव नोंदवायचा विषय निघतो. बिडी सुटून काही महिने झाल्याशिवाय तर यादीत घेतही नाहीत. भावाची सुटली का? श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम कुणी नीट शिकवलेत का? आधी तिथून सुरुवात करा.

दाजी भावाशी फोनवर बोलायला तयार आहेत. नंबर मेलवर कळवतो. फक्त आठची गोळी झाल्यावर करा, त्याआधी ते घड्याळाकडेच बघत असतात.