नारिंगी रताळ्याची बदनामी

काल शेजारच्या काकांनी कुंपणावरून जाहीर केलं, "तुमच्या रताळ्यांत काही दम नाही!" आवाज चार घरांत पोचेल असा. रताळी फुकट नेली होती, हे मात्र कुजबुजूनही सांगितलं नाही.

काकांचा संशय काढणीपासूनचा. एक रताळं मोडलं, आत गर्द नारिंगी.

"रंग टोचलाय?"

"बीटा-कॅरोटिन आहे, काका. गाजरात असतं तेच."

"गाजर जन्मतःच तसं असतं."

"आणि रताळं?"

"रताळं पांढरं असतं."

याच्यापुढे काय बोलणार? नारिंगी रताळ्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हेही सांगून पाहिलं. "सरकारी असेल," म्हणाले, आणि सगळ्यांत सुबक चार उचलली.

हंगामभर यांचा एकच धोशा : युरिया टाका. अहो, नत्र जास्त झालं की वेल माजतो आणि खाली नुसत्या दोऱ्या सापडतात. वीत-दीड वीत लांबीचे शेंड्याकडचे तुकडे वरंब्यावर फूटभर अंतराने लावायचे, दोन-तीन पेरं मातीत. पसरलेला वेल अधूनमधून उचलायचा, नाहीतर पेरापेराला मुळं फुटतात. रताळी फुगू लागली की जमीन भेगाळते आणि त्या भेगांतून सोंड्या भुंगा आत शिरतो, म्हणून मातीची भर लावायची. हे सगळं चालू असताना काका कुंपणावर कोपर टेकून.

काढलेली रताळी न धुता दमट, उबदार, साधारण ३० अंशांच्या जागी आठवडाभर ठेवायची. जखमा भरतात, पुढे साठवणीत गोडीही वाढते. काकांना तसं बजावलंही होतं. काकांनी ती त्याच दिवशी धुऊन फ्रिजमध्ये टाकली. बारा अंशांखालच्या थंडीत रताळ्याचा गाभा बिघडतो, मग कितीही शिजवा, मधे कडकच लागतो. त्यावर मायक्रोवेव्ह, पाच मिनिटं! पिष्टाची साखर करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, साठ ते पंचाहत्तर अंशांच्या टप्प्यात काम करतं. तो टप्पा धावत ओलांडला तर गोडी येणार कुठून? ओव्हन असेल तर सालासकट मंद आचेवर तासभर भाजावं, नाहीतर वाफवावं. सोलून, चिरून पाण्यात उकडलं तर या जातींचा लगदा होतो, कारण त्यांत पाणी जास्त आणि पिष्ट कमी. वर चमचाभर तूप किंवा तेल हवंच, त्याशिवाय ते कॅरोटिन अंगी नीट लागत नाही.

हे मी काकांना तिथेच, कुंपणाशी उभं राहून समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पांढरी लावा पुढच्या वेळी. आम्हाला पाच किलो पुरतील."