‘प्राथमिक’ म्हणजे कच्चा नव्हे

वाटपाच्या दाव्यात कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनाम्यात (निकालाच्या आदेशात) हिस्से ठरवतं, मग अंतिम हुकूमनाम्यात प्रत्यक्ष वाटणी. त्याबद्दल एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय: ‘प्राथमिक हुकूमनामा हा कच्चा निकाल, घाबरू नका. अपील अंतिम हुकूमनाम्यावर करायचं. अंतिम झाला की मात्र विषय संपला. बारा वर्षं गेली तर सगळंच बाद.’

निफाडकडचे एक अण्णा परवा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या टपरीवर हाच मेसेज मला दाखवत होते. पिशवीत चार घड्या घातलेली निकालाची नक्कल. शेवटच्या पानावर दोघा भावांना आणि बहिणीला प्रत्येकी एक तृतीयांश. ‘‘कच्चंच ना हे, वकीलसाहेब?’’

नाही अण्णा. कोणाचा हिस्सा किती, हे तिथं ठरलं. तो पटत नसेल तर अपील आत्ताच करायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 97 स्पष्ट आहे: प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केलं नाही, तर अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात त्याच्या चूक-बरोबरचा वाद काढता येत नाही. जिल्हा न्यायालयात मुदत 30 दिवस. अण्णांचे 26 झाले होते. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, म्हणून थोडी हवा शिल्लक.

मेसेजवाल्याला एवढं मात्र देऊ, की अंतिम हुकूमनाम्याआधी वाटेकरी वारला तर हिस्से नव्याने ठरवता येतात. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच तसं सांगितलंय. पण म्हणून निकाल कच्चा ठरत नाही.

‘अंतिम’ शब्दाचा घोळ त्याहून मोठा. अंतिम म्हणजे या कोर्टापुरता दावा पूर्ण निकाली. त्यावरही अपील होतं. अपिलाचे मार्ग संपले की तोच वाद त्याच पक्षकारांत पुन्हा काढता येत नाही. तो प्राङ्न्याय, कलम 11. ‘अंतिम’ आणि प्राङ्न्याय एकच समजणं म्हणजे सातबारा आणि खरेदीखत एकच समजणं.

बारा वर्षांचं? ती मुदत दरखास्तीची, म्हणजे हुकूमनामा बजावून घेण्याची. वाटपात अंतिम हुकूमनामा मागायचा अर्ज ही दरखास्त नव्हे, त्याला ही मुदत लागत नाही; सर्वोच्च न्यायालय, 2009. सरकारी सारा आकारलेल्या शेतजमिनीचं सरसनिरस (जमिनीचा कस पाहून केलेलं) वाटप तर त्याच संहितेच्या कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं.

अपील टाकलं की वाटप आपोआप थांबतं, असंही अण्णांनी कुठंतरी ऐकलं होतं. थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.