चेटकीण खरी निघाली तर?

यंदा आमच्या वाचनकट्ट्याचं पुस्तक मुलांनी निवडलं. मँचेस्टरच्या आसपासची काही मराठी घरं, अधूनमधून कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे, चहा आणि पुस्तकावरून भांडण, एवढाच हा कट्टा. मुलांनी काढली नेडी ओकोराफोर यांची ‘अकाटा विच’, २०११ची कादंबरी. नायिका सनी बारा वर्षांची. जन्म न्यूयॉर्कचा, आता नायजेरियातल्या आबा शहरात आईवडिलांबरोबर राहते. जन्मतः अंगात रंगद्रव्य नाही, म्हणून दिवसा उन्हात फुटबॉल खेळता येत नाही. एक दिवस तिला कळतं की आपण ‘लेपर्ड’ लोकांतल्या, म्हणजे जादू येणाऱ्यांतल्या आहोत. मग ऑर्लू, चिची आणि साशा असे तीन दोस्त मिळतात, आणि लहान मुलांना पळवून मारणाऱ्या एका मांत्रिकाशी गाठ पडते.

मुलं पुस्तकावर खूश होती. काही नवं शिकलं की वरून ‘चित्तिम’ नावाचे धातूचे तुकडे पडतात आणि त्या जगात तेच चलन, ही कल्पना त्यांना फार आवडली. आमच्या घरात तर दोन दिवस गृहपाठ झाल्यावर छताकडे बघणं चाललं होतं. आठवीतल्या एका मुलाची तक्रार होती की शेवट उरकलाय. एवढी तयारी केली आणि सामना काही पानांत संपला. त्याचं बरोबर आहे. आयांचा राग वेगळाच. तिथले गुरुजन सरळ छड्या मारतात, आणि जिवाचा धोका माहीत असून चार पोरांना खुन्यासमोर पाठवतात. ‘हे कसले गुरू?’ असं म्हणत एकीने पुस्तक मिटलं ते परत उघडलं नाही.

हे सगळं मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि तिकडे वेगळाच वाद पेटला. दिरांचं म्हणणं, मुलांच्या डोक्यात हे खूळ कशाला घालता? २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. आणि तुम्ही तिकडे बसून पोरांना चेटकिणी वाचायला देताय. मावशींनी उलटा बार काढला. ‘अलबत्या गलबत्या’तली दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण बघून आपल्या पोरांनी गंडेदोरे बांधले का? गोष्ट ती गोष्ट. मग नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी लांबलचक मेसेज आणि तिसऱ्या दिवशी सगळं शांत.

मी मावशींच्या बाजूची होते, आणि माझ्याकडे इथला दाखला तयार होता. लँकेशरमधली पेंडल टेकडी आमच्यापासून लांब नाही. १६१२ साली या भागातल्या दहा जणांना चेटूक केल्याबद्दल फासावर चढवलं, नऊ लँकेस्टरला आणि एकीला यॉर्कला. आज तिकडे जाणाऱ्या बसचं नावच ‘विच वे’ आहे. न्यूचर्च गावात एका दुकानाच्या दारात माणसाएवढ्या चेटकिणी बसवल्यात, टोकदार टोप्या घातलेल्या. आत कीचेन, मग, झाडूवरच्या बाहुल्या. पोरं फोटो काढतात, आइस्क्रीम खातात. म्हणजे बघा, समाज शहाणा झाला की चेटकीण गमतीची होते, असा माझा मुद्दा.

त्यावर नणंदेचा व्हॉइस मेसेज आला. ती नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातपुड्याच्या बाजूला. तिकडे बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार आजही होतात, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं त्यासाठी फिरतात. कुणाचं मूल दगावतं, कुणाची गाय आटते, भगत नाव काढतो. नाव बहुतेकदा विधवेचं, नाहीतर जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे तिचं. ती म्हणाली, ‘वहिनी, पुस्तकात जादू आहे याचं मला काही नाही. मला एवढंच सांगा, त्या मुलीला शाळेत कोण काय म्हणतं?’

मी पान काढून पाहिलं. सुरुवातीलाच प्रसंग आहे. निबंधात सनीला सगळ्यांत जास्त मार्क मिळतात, आणि बाई तिच्याच हाती छडी देऊन वर्गाला मारायला सांगतात. शाळा सुटल्यावर मुली तिला गाठून बडवतात. त्यांची पुढारीण ओरडते ती शिवी म्हणजेच पुस्तकाचं नाव. ‘अकाटा’ हा बाहेरून आलेल्या काळ्या माणसाला हिणवायचा शब्द, आणि वर ‘विच’. (पुस्तक नायजेरियात निघालं तेव्हा नाव बदललं, हे दोन्ही शब्द गेले.) प्रसंग अंगावर येतो. आणि पुढे काय होतं? सनी खरोखरच जादूवाली निघते. म्हणजे मारणाऱ्या मुली बरोबर होत्या.

दिरांना आणि मावशींना, दोघांनाही हे दिसलं नाही. मलाही नणंदेने विचारल्यावर दिसलं. जादू वाचून मूल जादू करायला लागेल ही भीती पोरकट आहे. पण अशा कादंबरीत आरोप करणाऱ्याचं म्हणणं खरं ठरतं आणि भांडण उरतं ते चांगली चेटकीण की वाईट एवढंच. ज्या बाईला काहीच येत नव्हतं तिला त्यात जागाच नाही. सनीच्या रंगाचंही तसंच. जन्मजात वेगळेपण हेच तिचं सामर्थ्य, हे वाचताना छान वाटतं. पण पूर्व आफ्रिकेत अशाच रंगाच्या माणसांच्या शरीरात काही शक्ती असते या समजुतीपायी त्यांचे खून झालेत. नायजेरियाच्या फौजदारी संहितेत एखाद्याला चेटकी ठरवणं हा गुन्हा आहे, आणि आबाच्या शेजारच्या अक्वा इबोम राज्याला मुलांवरच्या अशा आरोपांसाठी २००८ मध्ये वेगळी तरतूद करावी लागली. आपल्या कायद्यातही अमक्याने करणी केली असं सांगणारा गुन्हेगार ठरतो, सहा महिने ते सात वर्षं.

मग पेंडल वेगळं दिसायला लागलं. तिथली सुरुवात अशी: कोल्न गावाजवळ अ‍ॅलिझन डिव्हाइस या भीक मागणाऱ्या मुलीने एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत, थोड्याच वेळात तो कोसळला. आजच्या भाषेत अर्धांगवायूचा झटका. खटल्यात मुख्य साक्ष नऊ वर्षांच्या जेनेट डिव्हाइसची. तिला कोर्टात टेबलावर उभं केलं आणि तिने स्वतःच्या आईविरुद्ध सांगितलं. आई फासावर गेली. १६३४ मध्ये दहा वर्षांच्या एका मुलाने आणखी बायकांची नावं घेतली. त्या यादीत एक जेनेट डिव्हाइस आहे, बहुधा हीच. पोराने नंतर कबूल केलं की सगळं रचलं होतं. आता दुकानाच्या दारातल्या त्या टोप्या बघा. चारशे वर्षांनी गंमत म्हणून का होईना, निकाल तोच कायम ठेवलाय की या चेटकिणी होत्या.

तिथून जवळच रफ्लीत, १६१२ला फासावर गेलेल्या त्या दहांतल्या अ‍ॅलिस नटर हिचा पुतळा आहे, २०१२ मध्ये उभारलेला. डोक्यावर टोपी नाही, हातात झाडू नाही, साधा झगा आणि हातांत बेड्या. दोन्ही ठिकाणं एका दुपारीत होतात. दुकानात गर्दी असते. पुतळ्याशी आम्ही गेलो तेव्हा आम्हीच. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी ८ मार्च २०२२ला तिथल्या अशा बायकांची सरकारतर्फे माफी मागितली. आणि हे सगळं इथे इतिहासात जमा झालंय म्हणावं, तर २०१०च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच्या बहिणीने आणि तिच्या जोडीदाराने चेटूक करतो म्हणून हालहाल करून मारलं. तेव्हा ‘आमच्याकडे बघा, समाज शहाणा झाला’ हे मी आता ग्रुपवर लिहीत नाही.

पुस्तक मुलांना द्यावं की नाही, तर द्यावंच. एकटं पडलेलं वेगळं पोर त्यात जिवंत आहे आणि ते नंदुरबारच्या पोरांना आमच्या पोरांपेक्षा लवकर कळेल. नणंदेला शाळेतल्या मारहाणीचं ते प्रकरण मराठीत हवंय, सातवीच्या वर्गात वाचायला. मी करून देतेय. वाद आहे तो थांबायचं कुठे याचा. तिला शिवी आणि मार इथवर वाचून पुस्तक मिटायचंय, पुढे सनी खरीच जादूवाली निघते हे सांगायचं नाहीये. मी म्हणते ही लेखिकेशी लबाडी झाली, पूर्ण वाच आणि मग मुलांशी भांड. तर तिचं उत्तर, ‘वहिनी, माझ्या वर्गात जिच्या आजीचं नाव भगताने काढलंय ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसते. दिवाळीत या, आणि पुढचं तुम्हीच वाचून दाखवा.’