डिस्क चुरा करा, पण कॅड्यांनी काय घोडं मारलंय?

आज सरकारी लिलावातला सहा सर्व्हरचा लॉट सोडवून आणला. गाडीतून उतरवताना एकेकाचं तोंड बघितलं आणि डोकंच फिरलं. पुढचे सगळे खण रिकामे. डिस्क नसणार हे ठाऊक होतं, पण कॅड्याही नाहीत, म्हणजे डिस्क ज्यात बसवून खणात सरकवतात ते ट्रे! गोदामात विचारलं होतं, तर काका म्हणाले, "ताई, डिस्क नष्ट करायचा आदेश होता. ट्रेसकट गेल्या." चार स्क्रू काढायचा कंटाळा, दुसरं काय!

डिस्क नष्ट कराव्यात, लोकांची माहिती असते त्यात. (निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या ८००-८८ या मार्गदर्शिकेत नीट पुसून टाकायच्या पद्धतीही दिल्यात, पण जाऊ दे.) कॅडीत कोणाची माहिती असते हो? पत्रा आणि प्लास्टिक! पण ती नसली की डिस्क खणात नुसती खुळखुळते, मागच्या कनेक्टरला धड बसत नाही.

माझा पहिला सर्व्हरही लिलावातलाच. डेलचा आर७२०, २०१२ साली आलेलं मॉडेल, दोन प्रोसेसर, रॅमचे २४ स्लॉट. समोर कागदी टेप आणि तिच्यावर मार्करने "बंद करू नये", खाली दोन रेघा. घरी पहिल्यांदा चालू केला तेव्हा पंखे असे सुटले की नवरा आतून धावत आला, "गिरणी टाकलीस का घरात?" तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव गिरणी. आवाज आहे, मान्य. नुसता बसून शंभरेक वॅट खातो, म्हणजे महिन्याला ७२ युनिट. तेही मान्य. पण कॅड्या होत्या, म्हणून त्याच रात्री डिस्क घालून कामाला लागला. आजही चालतोय.

आणि लिलावाची यादी! "जुने संगणक साहित्य, ६ नग." मॉडेल नाही, रॅम किती ते नाही. "जसे आहे, जिथे आहे" तेवढं मात्र ठळक अक्षरांत. मग किलोच्या हिशोबानेच बोली लागणार ना? लोकांच्या पैशातून घेतलेलं यंत्र, आणि विकताना कोणी झाकण उघडून बघायचं कष्टही घेत नाही. संताप येतो. गिरणीवर टेप लावणाऱ्या माणसाला तरी त्या डब्याची काळजी होती.

आत्ता चहा घेऊन एकाचं झाकण उघडलं. धूळ आहे, पण रॅम जागच्या जागी. बरं वाटलं.

काकांवर मात्र मी उगाच तडकले. सहाही मशीनच्या पॉवर कॉर्ड त्यांनी स्वतः शोधून, गुंडाळून, रबर लावून दिल्या होत्या. ते काही आदेशात नसणार. ट्रे फेकायचा निर्णयही त्यांचा नव्हता.

असो. हे सहाही गिरणीचेच भाऊ, तेव्हा कोणाकडे आर७२० च्या साडेतीन इंची कॅड्या पडून असतील तर कळवा. सध्या एका मशीनपुरत्या आठ चालतील. खरं तर अठ्ठेचाळीस हव्यात, पण नवरा ही पोस्ट वाचतो.