कट्यार साधी, पेटी शिसवी

मुंबईत दोन खोल्यांच्या घरात राहूनही ज्यांना अलीकडे सरदारकीची ओढ लागली आहे, अशा सुज्ञ वाचकांनी एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात घ्यावी. जुन्या शस्त्राची प्रतिकृती विकत घेण्यात काडीचेही कमीपण नाही. कमीपण आहे ते ती प्रतिकृती आहे असे पाहुण्यांसमोर कबूल करण्यात. म्हणून कट्यारीवर फार पैसे घालवू नयेत. घालवावेत ते तिच्या पेटीवर.

हा सल्ला आम्ही वाऱ्यावरून आणलेला नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास आली. साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी असलेल्या जेम्स ग्रँट डफ याला ती मिळाली, असे त्यांच्या पेटीवर लिहिले आहे. आणि शिवाजी महाराजांनी ज्याला मारले त्याला त्याच पेटीवर ‘मोगल सेनापती’ म्हटले आहे. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी मेलेला अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा होता, हे आपल्याकडे चौथीतले पोरही सांगते. ही तीच वाघनखे असल्याची खातरजमा करता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचेही म्हणणे आहे. एवढी ढोबळ चूक अंगावर मिरवूनही ज्या पेटीतला ऐवज इतक्या मानाने परत येतो, त्या पेटीपासून काही शिकायचे नाही तर कशापासून? तुमच्या शिसवी पेटीवर पितळी पट्टी ठोकून त्यावर ‘पानिपत, १७६१’ एवढेच कोरून घ्यावे. तपशील जितका कमी, तितका वाद कमी.

आता खरेदी. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर गेलात की दुकानदार एखाद्या संस्थानाची, त्यातल्या विधवा राणीसाहेबांची आणि अडगळीत सापडलेल्या पेटाऱ्याची कहाणी सांगू लागेल. ती मधेच तोडू नये. पैसे तिचेच द्यायचे असल्यामुळे ती नीट ऐकून, शक्य झाल्यास लिहून घ्यावी.

निवड करताना कट्यारच घ्यावी असे आमचे मत आहे. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वाकडा असल्याने काचेच्या कपाटात जागा खातो, आणि जंबिया दाखवला की पाहुणा आखाती देशांतल्या आपल्या नोकरीच्या आठवणी सांगत बसतो. कट्यारीचे तसे नाही. दोन समांतर दांड्या आणि त्यांना जोडणारी आडवी मूठ हा घाट पाहताक्षणी ओळखू येतो. अस्सल कट्यारीचे टोक चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी मुद्दाम जाड ठेवलेले असते. तुमच्या कट्यारीचे टोक पत्र्याइतकेच पातळ असेल, म्हणून ती म्यानातच ठेवून दाखवावी. ‘रक्त चाखल्याशिवाय म्यानात परत जात नाही’ हे वाक्य अशा वेळी फार उपयोगी पडते.

तरीही एखाद्या आगाऊ भाच्याने ती उपसलीच, तर पात्यावरच्या लाटांसारख्या नक्षीविषयी बोलावे. जुन्या काळी मुशीत वितळवलेल्या पोलादात ही नक्षी धातूच्या अंतर्रचनेतूनच उमटत असे. आज बाजारात मिळणाऱ्या ‘दमास्कस’ पात्यात वेगवेगळ्या जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून घडवतात आणि मग आम्लात बुडवून नक्षी उठवतात. तेही कसबाचेच काम आहे. तुमच्या पात्यावर ती बहुधा नुसतीच छापलेली असेल. मुठीवरच्या सोन्याचेही तेच. कोफ्तगरीत पोलादावर बारीक उभ्याआडव्या रेघा खरवडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. तुमच्या मुठीवर सोनेरी रंगाचा हात फिरवलेला असतो. लांब नखांच्या पाहुण्यांना हातात देऊ नये.

प्राचीनत्वाची चिंता नको. इतर शहरांतले हौशी लोक त्यासाठी पाते मातीत पुरतात किंवा चहात भिजवतात. मुंबईकराला जुलै महिना आणि समुद्राकडची खिडकी पुरते. पंधरवड्यात दोन शतके सहज चढतात. पाते स्टेनलेस स्टीलचे निघाले तर मात्र नाइलाज आहे. तीनशे वर्षांनंतरही ते पोह्याच्या चमच्यासारखे लखलखत राहील, आणि त्याचे श्रेय पूर्वजांच्या निगराणीला द्यावे लागेल. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात मात्र सहकुटुंब जाऊ नये. तेथे खरी शस्त्रे आहेत, आणि मुले तुलना करतात.

शेवटी थोडे कायद्याविषयी. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची असली वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि न्यू जर्सीतल्या चिरंजीवांना ती भेट म्हणून धाडताही येत नाही. दुसरीकडे, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांत तलवारीच्या पंगतीला खंजिराचेही नाव आहे, आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरीही, घरकामाची किंवा शेतीची नसेल तर, त्याच यादीत मोडते. तेव्हा कट्यार मिरवायला घेऊन मेट्रोच्या तपासणीत सापडलात, तर पानिपतात गाजलेले ते शस्त्र त्या क्षणी बोथट, शोभेचे आणि गेल्या दिवाळीत घेतलेले असले पाहिजे, आणि ते तसे असल्याचा कागद हाताशी हवा. म्हणून दुकानदाराकडून पावती न चुकता मागून घ्यावी आणि पेटीतल्या लाल मखमलीखाली सपाट करून ठेवावी. वंशावळ मखमलीच्या वर ठेवावी.