काकू, माझे तीन तास झाले

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला मुलांच्या सर्दीची भीती नसते. सर्दीला वाफारा आहे, ओवा आहे. भीती असते ती मावशींच्या सुट्टीची. आमच्या मावशी मे महिन्यात भाचीच्या लग्नाला म्हणून भोरला गेल्या आणि तिथून त्यांचा फोन आला, "ताई, आता भाताची लावणी उरकूनच येते." म्हणजे आमच्या कर्वेनगरातल्या हॉलमध्ये आठ मुलं, एक मी, आणि आतल्या खोलीत दहावी होऊन अकरावीच्या ऑनलाइन यादीची वाट बघत आडवा पडलेला पावणेसहा फुटांचा माझा मुलगा ओंकार.

त्याला म्हटलं, मदत कर, खाऊला पैसे देईन.

"खाऊला पैसे तू बाहेरच्या पोरांना दे. मला पगार सांग."

पगार ठरला. किती, ते इथे लिहीत नाही. मावशी मोबाइलवर सगळं वाचतात.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे बाबा सीए आहेत. त्यांना सहज विचारलं, तर म्हणाले, अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचं उत्पन्न एरवी आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण त्याने स्वतः अंगमेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेलं असेल तर ते त्याचंच. मला हे ऐकून बरं वाटलं. ओंकारला जास्तच बरं वाटलं. "म्हणजे कायद्यानेच माझे पैसे. 'जरा भाजीला दे' वगैरे चालणार नाही."

इथवर ठीक होतं. पण कायदा हा शब्द एकदा त्याच्या कानावर पडला, आणि ज्या पोराने नागरिकशास्त्राचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलं होतं, तो 1986 चा बालकामगार कायदा 2016 च्या दुरुस्तीसकट वाचून आला. चौदाच्या आतल्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. शाळा सांभाळून, सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावला तर चालतं. चौदा ते अठरा म्हणजे किशोर, त्यांना फक्त धोकादायक कामं वर्ज्य. "मी यादी नीट बघितली," तो म्हणाला. "खाणी आहेत, स्फोटकं आहेत, पेट घेणारे पदार्थ आहेत. पाळणाघर नाही. त्या लोकांनी आपली अन्वी बघितलेली नसणार."

अन्वी अडीच वर्षांची आहे आणि चावते.

पुढचं कलम मात्र मला महागात पडलं. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग तासभर विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम बंद, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. घरच्या घरात हे कसले नियम, असं म्हणून पाहिलं. त्यावर त्याने ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं. पुण्यात भिंतीवर लावलेल्या सूचनेशी वाद घालायची पद्धत नाही, त्यामुळे मी गप्प बसले.

नऊला हजर, बाराला विश्रांती. आणि बारा म्हणजे वरण-भाताची वेळ. माझ्या एका मांडीवर एक, समोर तिघे आ वासून, एकाने मेतकुटाची वाटी डोक्यावर पालथी घातलेली, आणि माझा सहायक घड्याळ बघून हात धुतो. "काकू, माझे तीन तास झाले."

हो, काकू. मुलं काकू म्हणतात म्हणून हाही कामावर असताना मला काकू म्हणतो. आणि विश्रांती सुरू झाली की पुढच्याच क्षणाला, "आई, जेवायला काय आहे?" तो नोकर कधी आणि मुलगा कधी, हे त्याचं तोच ठरवतो. कामात चूक दाखवली तर "आई, तू घरच्यांनाच बोलतेस," आणि जरा बाजारातून दूध आण म्हटलं तर "काकू, हे माझ्या कामात बसत नाही." मावशींना मी असं कधी सहन केलं नसतं. खरं तर मावशींना मी बरंच काही सहन करते, पण त्या निदान मला कुकरच्या किती शिट्ट्या करू ते विचारत नाहीत.

संध्याकाळची गंमत वेगळीच. आमची वेळ साडेसहापर्यंत. पण हिंजवडीहून निघालेली आई साडेसहाला कुठे असेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिचा मेसेज येतो, "काकू, चांदणी चौकात आलेय," आणि मला कळतं की अजून पाऊण तास. परवा ओंकार सकाळऐवजी दुपारी एकला हजर झाला होता, आणि सात वाजले तेव्हा कबीरला चड्डी चढवत होता. एक पाय आत गेला होता. खरंच सांगते, एकच. तो उठला, "सात वाजले काकू, कायद्याने बंदी आहे," म्हणाला आणि आत गेला. कबीर एका पायात चड्डी अडकवून, दुसऱ्या पायावर उभा राहून, मोठ्या आदराने त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होता.

कारण राग मलाच येतो. मुलं त्याच्यावर खूश आहेत. माझ्यावर दार आपटणारा हा मुलगा अन्वीशी इतक्या शांतपणे बोलतो की मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकते. "चावायचंय? बरं. मग गाजर चाव. दादाचा हात संपला आज." आणि ती गाजर चावते! मी तिच्यासाठी सगळे उपाय करून थकले होते. दुपारी गोधड्यांवर मुलांना झोपवायचं काम त्याला दिलं, तर सगळ्यांत आधी तोच झोपतो, आणि मग मुलं दादा उठेल म्हणून आपापसांत कुजबुजत निजतात. पद्धत चुकीची असेल, पण हॉल शांत असतो.

पालकांच्या ग्रुपवर तो रोज अहवाल टाकतो. "कबीर: भात अर्धी वाटी, शी वेळेवर. अन्वी: चावा एक (घेतला), चावा शून्य (मिळाला)." पालक अंगठे आणि हृदयं पाठवतात. मी इतकी वर्षं मुलं सांभाळतेय, माझ्या शिऱ्यालाही कधी हृदय आलं नाही. आता तर नव्या चौकशीच्या फोनवर पहिला प्रश्न असतो, "ते दादा आहेत ना?" असा एक फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पगारवाढीचा अर्ज त्याच रात्री माझ्या उशीवर आला.

आणि काल अकरावीची यादी लागली. पहिल्याच पसंतीचं कॉलेज. मी पेढे आणले, त्याने राजीनामा आणला. बदली माणूस दिल्याशिवाय सोडणार नाही म्हटल्यावर त्याने सोफ्यावर बसून घरूनच काम करणाऱ्या आपल्या बाबांकडे बोट दाखवलं, आणि तिथेच त्यांची मुलाखतही घेतली. डायपर बदलता येतो का, चावलं तर ओरडाल का, वगैरे. ह्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला: ते तीन तासांनी तासभर विश्रांतीचं मलाही मिळेल का?

"नाही बाबा," ओंकार म्हणाला, "ते अठराच्या आतल्यांनाच."